सहा जणांत एक चाकू

टूथब्रशची दांडी अर्धी कापून डोंगरावर जाणारी माणसं मी तुर्भ्याला नोकरीला लागले तेव्हा पहिल्यांदा पाहिली. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. रसायनांच्या एका कंपनीत मी लॅब असिस्टंट होते, तेही प्रोबेशनवर. आमच्या खरेदी विभागातल्या एका साहेबांना ट्रेकिंगचं वेड होतं. वेड म्हणजे डोंगराचं नव्हे, सामानाचं. सानपाड्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये एक अख्खं कपाट दोऱ्या, बाटल्या आणि बकलांनी भरलंय हे ते स्वतःच कौतुकाने सांगायचे. परदेशातला मेहुणा त्यांना मासिकं पाठवायचा. ती वाचून त्यांनी ठरवून टाकलं होतं की पाठीवरचं ओझं नऊ किलोच्या वर जाता कामा नये. मग शर्टाच्या कॉलरची लेबलं उसवायची, साबणाची वडी चतकोर करायची, चमच्याला भोकं पाडायची. चमच्याला भोकं पाडलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. डाळ वाढताना त्यातून डाळ गळायची, पण चार ग्रॅम वाचले म्हणून सगळे खूश.

त्यांना आम्ही सर म्हणायचो. दर जानेवारीत ते कंपनीतल्या लोकांना घेऊन तीन-चार दिवस सह्याद्रीत जायचे. त्या वर्षी आम्ही सहा जण होतो. सर, अकाउंट्समधला त्यांचा एक भक्त, पॅकिंगमधले दोघे, लॅबमधली माझी मैत्रीण आणि मी. दोन मुली असल्या की दोघींच्याही घरचे सोडतात, हा सरांचा विचार. आणि दोन मुली असल्या की स्वयंपाकाचं आपल्याला बघायला लागत नाही, हा बाकीच्यांचा.

मी का गेले, हेही सांगायला हवं. साताऱ्याकडचं गाव सोडलं तर मी कुठेच गेले नव्हते, हे एक. दुसरं असं की आमच्या लॅबचे इन्चार्ज आणि सर रोज एका टेबलावर जेवायचे, आणि माझं कन्फर्मेशन इन्चार्जच्या सहीवर अडलेलं होतं. डोंगराची ओढ वगैरे मला नंतर लागली.

निघायच्या महिनाभर आधी कॅन्टीनमध्ये मिटिंग झाली. चहा झाल्यावर सर म्हणाले, "गेल्या वेळी आपल्याकडे चार चाकू होते. चार! हा क्राइम आहे. या वेळी अख्ख्या ग्रुपला एकच कटिंग टूल. कुठलं, ते आपण सगळे मिळून ठरवू. डेमोक्रॅटिकली."

आणि त्या एका चाकूवर पुढचे चार आठवडे गेले.

आमच्या लॅबमध्ये काचेच्या पेटीतला एक नाजूक वजनकाटा होता. हवेची झुळूक लागली तरी आकडे नाचायचे, म्हणून त्याची दारं लावून घ्यावी लागत. त्यावर मी दिवसभर नमुन्याच्या पुड्या मोजायचे. त्या महिन्यात मी त्यावर चमचे, मेणबत्त्या, सेफ्टी पिना आणि एक नेलकटर मोजलं. जेवणाची सुट्टी झाली की सर आणि भक्त हातरुमालात काहीबाही गुंडाळून यायचे. मी वजन घ्यायचे, भक्त वहीत लिहायचा आणि सर मान हलवायचे. इन्चार्ज दारातून बघून हसून जायचे. हेच मी मैत्रिणीचं कानातलं मोजून बघितलं असतं तर मेमो मिळाला असता.

सरांचा स्वतःचा चाकू सगळ्यात आधी काट्यावर आला. मेहुण्यानेच पाठवलेला, लाल मुठीचा, घडीचा. त्यात मोठं पातं, छोटं पातं, इवलीशी कात्री, करवत, कानस, बूच काढायचा स्क्रू, टोकाला खोचलेला केसाएवढा चिमटा आणि दात कोरायची काडी असं मोजून अकरा वस्तूंचं संमेलन होतं. वजन भरलं नव्व्याण्णव ग्रॅम.

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्कशॉपमधला फिटर आला. तो मूळचा इथल्याच बोनकोडे गावचा. शहर वसवताना त्याच्या वडिलांची शेती गेली होती आणि त्या जागी आता बिल्डिंगी उभ्या होत्या. त्याने लोखंड कापायच्या करवतीच्या तुटक्या पात्याला धार लावून, मुठीला काळी टेप गुंडाळून एक सुरी बनवली होती. ती त्याने मुकाट काट्यावर ठेवली. बासष्ट ग्रॅम.

"ही न्या, बाय," तो मला म्हणाला. "कांदा काप, दोरी काप, मासली साफ कर. गंजली तर मी दुसरी करून देन."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सदतीस ग्रॅम कमी! त्यांच्याच नियमाने तिथेच निकाल लागायला हवा होता. पण भक्त अकाउंट्समधला होता. त्याने पेन काढलं आणि म्हणाला, "सर, असं नाही बघायचं. पर फंक्शन वेट बघा. तुमच्यात अकरा फंक्शन. नव्व्याण्णव भागिले अकरा, नऊ ग्रॅम. याच्यात एकच फंक्शन, बासष्ट ग्रॅम. हा सात पट जड आहे!"

फिटर त्याच्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "ह्यो रोज असाच हाय का?" आणि सुरी उचलून निघून गेला.

मी शहाणी असते तर त्याच्यामागून गेले असते. पण मी तिथेच उभी राहिले आणि एवढंच विचारलं, "सर, पण भाजी कोण चिरणार? हे पातं माझ्या करंगळीएवढं आहे."

"तुम्ही दोघी आहात ना," सर म्हणाले. "मॅनेज कराल."

म्हणजे चाकू कुठला ते त्यांनी ठरवायचं आणि त्याने चिरायचं आम्ही. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी विळी आणते घरून. अडीच किलो. पर फंक्शन बघा." कुणी हसलं नाही.

शेवटच्या मिटिंगला हात वर करून मतदान झालं. सरांच्या चाकूच्या बाजूने पाच हात वर गेले. मैत्रिणीने हात वर केला नाही. पाचवा हात माझा होता.

घरी कोपरखैरण्याला आमचं वन-रूम-किचन. माझे वडील घाऊक बाजारात माथाडी कामगार. जन्मभर पाठीवर पोती वाहून त्यांची मान एका बाजूला कललेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बॅग भरत होते, तेव्हा ते भिंतीला टेकून बघत बसले होते.

"किती वझं हाय?"

"नऊ किलो, आबा. त्याच्यावर न्यायचंच नाही."

"सगळ्यांचं मिळून?"

"एकेकाचं."

माझा अर्धा कापलेला ब्रश त्यांनी उचलून उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "ह्याची दांडी उंदरानं खाल्ली व्हय?"

मी सांगितलं. वजन कमी करायला कापलाय. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाले, "जा, पोरी. पर असल्या लोकांच्या फुडं चालू नगंस, आन् मागंबी ऱ्हाऊ नगंस." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. मला वाटलं, यांना काय कळतंय.

पहिला दिवस रतनगडाच्या पायथ्याशी संपला. संध्याकाळी चूल पेटवली. सरांनी कमरेच्या चामडी पाकिटातून चाकू काढून तो माझ्या हातात असा दिला, जसा काही त्यांचा मुलगा मी दत्तक घेत होते. बरोबर सूचनाही दिल्या. दगडावर कापायचं नाही, ताटलीत कापायचं नाही, लगेच पुसायचा, आणि लिंबाला लावायचा नाही. "लिंबात ॲसिड असतं," हे त्यांनी मला सांगितलं. मी लॅबमध्ये रोज ॲसिडच हाताळायचे.

बारा कांदे, आठ वांगी. त्या पात्याने कांदा चिरला जात नव्हता, चेपला जात होता. वांगं तर आधी टोचायचं आणि मग फाडायचं. तासाभराने माझ्या तर्जनीला फोड आला. मैत्रीण बाजूला बसून हाताने लसूण चेचत पुटपुटत होती, "कानस लावून बघ. नाहीतर बूच काढ कांद्याचं." पॅकिंगमधल्या दोघांपैकी एकाला दया आली आणि तो मदतीला बसला. पाचव्या मिनिटाला पातं उलट मिटलं आणि त्याच्या बोटावर बसलं. त्या पात्याला उघडं राहायची खीळच नव्हती. रक्त पाहून सर धावत आले. त्यांनी आधी चाकू पुसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिंड ओलांडून पलीकडच्या उताराला लागलो. सुकलेलं गवत, निसरडी वाट. सर सगळ्यांच्या पुढे होते आणि मागे वळून आम्हाला पाय कसा टाकायचा ते समजावत होते. समजावता समजावताच ते पडले. पाय दोन दगडांत मुडपला. आम्ही पोहोचलो तेव्हा ते पांढरे पडले होते आणि घोटा बुटातून वर येत होता.

आता काठी हवी होती. वाटेच्या दोन्ही अंगांना कारवी माजलेली होती, मनगटापेक्षा बारीक पण चिवट. भक्ताने चाकूतली करवत उघडली. ती त्याच्या मधल्या बोटाएवढी होती. तो एका खोडाशी गुडघे टेकून बसला आणि पंधरा मिनिटं घासत राहिला. सर दुखऱ्या पायाने ओरडत होते, "अँगल बघ! अँगल!" खोडाला उंदराने कुरतडल्यासारखी एक खाच पडली आणि करवत तिच्यात अडकली.

तेवढ्यात वरून एक बाई आली. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा. पन्नाशीची असावी. खालच्या गावातली होती. तिने भारा उतरवला, आमच्याकडे पाहिलं, सरांच्या पायाकडे पाहिलं, मग भक्ताकडे. त्याला हाताने बाजूला केलं. विळ्याचे चार घाव, आणि दोन काठ्या. पाचव्या घावाला तिने अडकलेली करवत मोकळी केली आणि चाकू उचलून माझ्या हातात दिला. कुणाचा आहे ते न विचारता. माझ्या बोटावरची चिंधी तिला दिसली असावी.

"बसून ऱ्हाऊ नका. पाय आजून सुजंल," ती म्हणाली. तिने भारा एका खडकाआड ठेवला, सरांची बॅग एका हाताने उचलली, "येवढीच?" असं विचारलं आणि डोक्यावर घेतली. मग भक्ताची मागितली. तीही वर ठेवली. अकाउंट्सवाल्याने मुकाट दिली.

सर दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत निघाले. अर्ध्या वाटेवर बाई थांबली आणि एक पाय वर उचलून टाचेकडे बघू लागली. अनवाणीच चालत होती. टाचेत जुना काटा मोडला होता, भोवतीचं मांस कडक आणि काळं झालं होतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, तो चिमटा काढ."

मुठीच्या टोकाला खोचलेला तो केसाएवढा चिमटा मी नखाने ओढून काढला. मैत्रिणीने बाईची टाच मांडीवर घेतली, पाणी ओतलं आणि छोट्या पात्याच्या टोकाने कातडी जराशी उकरली. मग चिमट्याने काटा धरून ओढला. करंगळीच्या नखाएवढा निघाला. बाईने तो तळहातावर घेऊन बघितला. मग चिमटा घेतला, उघडझाप करून बघितला, आणि पहिल्यांदाच हसली.

"कितीक महिनं व्हता," ती म्हणाली. "सुईनं निघंना, बाभळीच्या काट्यानं निघंना. हे बेस हाय." विळ्यापुढे त्या पात्यांची तिला काडीची किंमत नव्हती, त्यांना तिने हातही लावला नाही. तिला हवा होता तो चिमटा.

सरांनी ते वरून बघितलं होतं. त्या वेळी त्यांना बॅगा वाहणारी बाई निघून जाईल की काय ही भीती असावी, कारण ते लगेच म्हणाले, "मावशी, आवडला ना? गावात पोचवा आमाला. तुमालाच दिऊन टाकतो." हे त्यांचं खेडवळ मराठी. एरवी कंपनीत कुणी 'आमी' म्हटलं की ते भुवई उचलायचे.

ती बाई तीन तास आमच्यापुढे चालली. ओढ्यात तिने सरांना हाताला धरून पलीकडे नेलं. गावात पोहोचल्यावर कुणालातरी पाठवून जीप थांबवून ठेवली, घरातून हळद-तेल गरम करून आणलं आणि घोट्याला लावलं. सरांना पुढच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. बॅगा मागे चढल्या. बाई सरांच्या दाराशी उभी राहिली. काही मागत नव्हती, नुसती उभी होती.

सरांनी बिस्किटांचे दोन पुडे आणि ग्लुकोजचा अर्धा डबा काढून तिच्या हातात दिला. "लई उपकार झालं, मावशी."

"आन् ते?" तिने बोटांची चिमट्यासारखी उघडझाप करून दाखवली.

"ते व्हय?" सर हसले. "ते कंपनीचं हाय, मावशी. द्यायला गावत न्हाई. फुडल्या वर्षी आलो की दुसरं आणतो."

ती "बरं" म्हणाली आणि बाजूला झाली. तिला वाईट वाटलं असेल तर दिसलं नाही. आम्ही पाच जण तिथेच उभे होतो. पाचांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. चाकू माझ्या पँटच्या खिशात होता. काटा काढल्यापासून तो माझ्याकडेच होता आणि चिरायचं काम माझं म्हणून कुणी परत मागितलाही नव्हता.

मी म्हटलं, "पाणी भरून घेते," आणि बाटल्या घेऊन हापशाकडे गेले. हापसा शाळेच्या मागे होता. बाई तिकडूनच घरी चालली होती. मी तिला हाक मारली, चाकू तिच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "घरात ठेवा. आत्ता कुणाला दाखवू नका."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुला बोलतील का?"

"नाही," मी म्हटलं.

तिने तो पदराच्या टोकात बांधला. मी परत आले तेव्हा बाटल्या रिकाम्याच होत्या. ते फक्त मैत्रिणीला दिसलं.

जीप सुटल्यावर अर्ध्या तासाने सरांनी मागे हात केला. "चाकू?"

मी खिसे चाचपले. बॅग उघडली. नाटक मला बरं जमतं हे तेव्हा कळलं. "सर, नाहीये. ओढ्यात पडला असेल."

मी म्हणू शकले असते, तुम्ही वचन दिलं होतं, म्हणून मी दिला. तेवढं एक वाक्य. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं, जिभेवर आलं, आणि इन्चार्जची सही डोळ्यांसमोर आली. मी तो चोरासारखा दिला आणि चोरासारखीच गप्प बसले. त्या लोकांची टर उडवते तेव्हा हे विसरून चालत नाही.

सर पुढचे चार तास घोट्यासाठीही कण्हले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते कुबडी घेऊन कंपनीत आले आणि सगळ्यात आधी लॅबमध्ये गेले. "जिला नव्व्याण्णव ग्रॅम सांभाळता येत नाहीत," ते इन्चार्जना म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "तिच्या हातात तू लॅब देणार?" माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. कारणाच्या रकान्यात 'निष्काळजीपणा' असं लिहिलेलं होतं. आबांना मी सांगितलं की कंपनीत सगळ्यांचंच वाढलंय. ते म्हणाले, "आसंल."

तीन महिन्यांनी मी कन्फर्म झाले. सरांनी मला परत कधी बोलावलं नाही. मैत्रीण आणि मी दोघीच एसटीने जवळपासच्या डोंगरांवर जाऊ लागलो. भाजी आम्ही घरूनच चिरून न्यायचो.

दशक संपता संपता सरांना दुसरीकडे मोठी नोकरी लागली. कंपनीच्या हॉलमध्ये त्यांचा निरोप समारंभ झाला. भक्त आता सीनियर अकाउंटंट होता. त्याने त्यांच्या ट्रेकिंगवर भाषण केलं आणि शेवटी म्हणाला, "सर, तुमचा तो फेमस चाकू. त्याची गोष्ट सांगा."

सर उठले. कातर आवाजात त्यांनी सांगितलं, की एकदा खिंडीत पाय मुरगळला असताना एका गरीब बाईने त्यांना वाचवलं, आणि तिला अनवाणी बघून त्यांचं मन भरून आलं. "माझ्याकडे तिला देण्यासारखं होतं तरी काय? मेव्हण्याने दिलेला चाकू. मी तिच्या पायाचा काटा काढला आणि तो चाकू तिच्या हातात ठेवला. म्हटलं, मावशी, हा तुझा."

सगळा हॉल गहिवरला. मी मैत्रिणीकडे पाहिलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. सरांना खरं काय ते माहीत नव्हतं, आजही नसेल. मुलीने ओढ्यात हरवला ही गोष्ट सांगायला बरी दिसत नाही, म्हणून त्यांनी आपल्या मनाने एक बरी दिसणारी रचली होती. आणि ती नेमकी खरी निघाली होती, फक्त माणूस बदलून. मी उठून हे खोटं आहे म्हणायचं तर आधी माझं खोटं सांगावं लागलं असतं. पॅकिंगमधले ते दोघे पहिल्याच रांगेत बसले होते. गावातल्या त्या जीपपाशी तेही उभे होते, 'कंपनीचं हाय' हे त्यांनीही ऐकलं होतं. ते डोळे पुसत होते.

टाळ्या बराच वेळ चालल्या. मीही वाजवल्या.